बोधिसत्त्व ते जोसाफात : एका विशेषनामाची वाटचाल

विशेषनामांची व्युत्पत्ती हा भाषाशास्त्रातील काहीसा उपेक्षित आणि पुष्कळसा बदनाम झालेला प्रांत आहे. सामान्य शब्दाची व्युत्पत्ती लावताना अर्थाचा लगाम अभ्यासकाच्या हाती असतो. विशेषनामाच्या बाबतीत तो सुटतो. कारण नाव धारण करणाऱ्याला त्या नावाचा अर्थ ठाऊक असण्याची काहीच आवश्यकता नसते. मग ध्वनिसाम्य तेवढे शिल्लक राहते, आणि केवळ त्यावर विसंबून जगातील वाटेल ते नाव संस्कृतातून काढून दाखविणारे हौशी व्युत्पत्तिकार आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. त्यांना उत्तर देताना अभ्यासकाची खरी पंचाईत होते ती निराळ्याच कारणाने. क्वचित एखादे परके नाव खरोखरच संस्कृतातून गेलेले असते, आणि तेव्हा ते बहुधा मूळ शब्दासारखे मुळीच दिसत नाही. अशा एका नावाची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे. नाव आहे जोसाफात.

युरोपात हे नाव अगदी रोजच्या वापरातले नसले तरी दुर्मीळही नाही. इराणात उझून हसनच्या दरबारी व्हेनिसचा वकील म्हणून गेलेला प्रवासी जोसाफात बार्बारो (१४१३–१४९४) इतिहासाच्या वाचकांस परिचित असेल. बायझंटाइन सम्राट सहावा योहान कांताकुझीनोस याने १३५४ साली सिंहासन सोडून संन्यास घेतला, तेव्हा त्याने 'इओआसफ' हे नाव धारण केले. रशियन चर्चच्या दोन कुलगुरूंचे नाव इओआसाफ होते; त्यांपैकी पहिला १६३४ ते १६४० आणि दुसरा १६६७ ते १६७२ या काळात पदावर होता. व्हितेब्स्क येथे १६२३ साली जमावाकडून मारला गेलेला आणि १८६७ साली रोमने संत म्हणून घोषित केलेला पोलोत्स्कचा आर्चबिशप योसाफात कुन्त्सेविच हाही याच नावाचा. त्याचे बाप्तिस्म्याचे नाव इवान होते, योसाफात हे त्याने संन्यासाश्रमात घेतलेले नाव. कांताकुझीनोस आणि कुन्त्सेविच दोघांनीही हे नाव संन्यास घेताना स्वीकारले, हा योगायोग नव्हे. ज्या मूळ संतावरून हे नाव ठेवले जाई, तो राज्य सोडून संन्यासी झालेला राजपुत्र होता.

त्या संताची कथा थोडक्यात अशी. हिंदुस्थानात अबेन्नेर नावाचा राजा होता. त्याला पुत्र झाला, तेव्हा ज्योतिषांनी भविष्य वर्तविले की हा मुलगा ऐहिक राज्याहून मोठे राज्य मिळवील. राजाने त्याला एका महालात कोंडून वाढविले. जरा, रोग आणि मृत्यू त्याच्या दृष्टीस पडू नयेत असा कडेकोट बंदोबस्त केला. पण तरुणपणी राजपुत्र बाहेर पडला, त्याने रोगी पाहिला, आंधळा पाहिला, जराजर्जर म्हातारा पाहिला, आणि त्याचे मन उडाले. पुढे बार्लाम नावाचा एक तपस्वी रत्नांच्या व्यापाऱ्याच्या वेषात त्याला भेटला, त्याने दृष्टांतांच्या द्वारे त्याला धर्मोपदेश केला, आणि अखेर राजपुत्र राज्य टाकून वनात गेला. या राजपुत्राचे नाव जोसाफात. मराठी वाचकाला ही कथा कोणाची हे सांगण्याची गरज नाही. मध्ययुगीन युरोपला मात्र ती एका ख्रिस्ती संताची वाटत होती. याकोबुस दे व्होराजिने याच्या तेराव्या शतकातील संतचरित्रसंग्रहात ती आहे. नॉर्वेपासून स्पेनपर्यंतच्या भाषांत तिची रूपांतरे झाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कार्डिनल बारोनिउस याने सुधारलेल्या रोमन संतसूचीत २७ नोव्हेंबर हा दिवस बार्लाम-जोसाफात यांच्या नावे लागला. व्हेनिसच्या प्रमुखाने १५७१ साली पोर्तुगालचा राजा सेबास्तियन याला या संताची म्हणून एक अस्थीही नजर केली होती.

कथा बुद्धाची आहे एवढे म्हणून भागत नाही. भाषाशास्त्रज्ञापुढचा प्रश्न नावाचा आहे. 'बुद्ध', 'गौतम', 'सिद्धार्थ', 'शाक्यमुनी' यांपैकी एकाही शब्दाचे 'जोसाफात'शी साम्य नाही. मग हे नाव आले कोठून?

उत्तराची पहिली पायरी संस्कृत ग्रंथांतच आहे. 'ललितविस्तर' यासारख्या चरित्रग्रंथांत संबोधी प्राप्त होईपर्यंत चरित्रनायकाचा निर्देश बहुतेक सर्वत्र 'बोधिसत्त्व' असाच होतो, आणि ते न्याय्यही आहे; जो अजून बुद्ध झाला नाही त्याला बुद्ध कसे म्हणावे? आता ज्या परक्या वाचकाच्या हाती या चरित्राचा केवळ पूर्वभाग पडला, म्हणजे जन्म, बंदिवास, दर्शने आणि गृहत्याग एवढाच, त्याला नायकाचे नाव 'बोधिसत्त्व' आहे असे वाटणे स्वाभाविक होते. ही उपाधी आहे, अनेकांना लागू पडणारे सामान्यनाम आहे, हे त्याला कळण्याचे साधन नव्हते. एक सार्थ पद या ठिकाणी निरर्थक विशेषनाम झाले. पुढचे सारे परिवर्तन याच एका घटनेमुळे शक्य झाले. तिबेटी अनुवादकांचे उदाहरण याच्या उलट आहे. त्यांनी हा शब्द ध्वनीने न घेता अर्थाने घेतला, 'सत्त्व' या पदासाठी चित्त आणि शौर्य असे दोन्ही अर्थ व्यक्त करणारा शब्द योजला, आणि त्यामुळे तिबेटात या नावाचा अपभ्रंश होण्याची शक्यताच उरली नाही.

'सत्त्व' या पदाच्या अर्थाविषयी खुद्द भारतीय परंपरेतही एकवाक्यता नाही. प्राणी, सार, चित्त, बल असे अनेक अर्थ संभवतात. पाली 'बोधिसत्त' या रूपातील 'सत्त' हा संस्कृत 'सत्त्व' किंवा 'सक्त' यांपैकी कशाचाही परिणाम असू शकतो; दुसरा पक्ष स्वीकारल्यास 'बोधीच्या ठायी आसक्त' असा अर्थ निघतो. लाला हरदयाळ यांनी लंडनच्या आपल्या प्रबंधात (प्रसिद्धी १९३२) या सर्व पर्यायांची छाननी केली आहे. गदर चळवळीचे पुढारी म्हणूनच त्यांना ओळखणाऱ्यांनी तो ग्रंथ अवश्य पाहावा. जाता जाता आणखी एक गोष्ट. एका 'त' ने 'सत्व' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण खोडून दाखवितो, पण कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी भिक्षू बल याने सारनाथ येथे स्थापिलेल्या मूर्तीच्या लेखात हा शब्द एकाच 'त' ने कोरलेला आहे. चूक जुनी आहे, एवढे तरी मान्य करावयास हवे.

या लेखनातील 'व' आपल्याला पुढे उपयोगी पडतो. मध्य आशियात तुर्फान येथे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन संशोधकांना जी मानीपंथी हस्तलिखिते मिळाली, त्यांतील इराणी भाषांच्या लेखनात हा शब्द 'बोदिसद्फ', 'बोदिसफ' अशा धर्तीच्या रूपांनी येतो. मानी हा तिसऱ्या शतकातील इराणी धर्मसंस्थापक. बुद्धाला तो आपल्या पूर्वीच्या प्रेषितांत गणीत असे, तेव्हा त्याच्या अनुयायांना बुद्धकथेविषयी आस्था असावी यात नवल नाही. या रूपांतील अंत्य 'फ' हा मोलाचा पुरावा आहे. इराणी भाषांत शब्दान्तीचा स्वर गळाला, आणि उघडा पडलेला 'व' घर्षक 'फ' झाला. परंतु 'व' चा 'फ' होण्यासाठी 'व' आधी शिल्लक असावा लागतो. पालीत आणि बहुतेक प्राकृतांत 'त्व' चा 'त्त' होऊन 'व' नाहीसा झालेला आहे. म्हणजे इराणी लोकांना हा शब्द पालीतून मिळालेला नाही. तो संस्कृतातून, अथवा जेथे 'त्व' टिकून होता अशा वायव्येकडील बोलीतून मिळाला. एका अंत्य व्यंजनावरून कथेचा मार्ग श्रीलंकेकडून नसून गांधाराकडून गेला असे सांगता येते.

येथवरचे परिवर्तन मुखाने झालेले आहे, आणि त्याला ध्वनिनियमांचा आधार आहे. गोव्यात पोर्तुगीज 'झुआंव' चे 'जुवांव' झाले, 'झुझे' चे 'झुजे' झाले, त्याच जातीचे हे परिवर्तन. कानाने ऐकावे, जिभेच्या वळणाने म्हणावे. परंतु यापुढची पायरी निराळ्या जातीची आहे.

आठव्या-नवव्या शतकांत बगदाद येथे पेहलवी ग्रंथांचे अरबीत भाषांतर करण्याचा मोठा उद्योग चालला होता. आपले 'पंचतंत्र' याच वाटेने 'कलीला व दिम्ना' झाले. त्याच ओघात बोधिसत्त्वाची कथाही अरबीत आली. दहाव्या शतकाच्या अखेरीस इब्न-अल्-नदीम याने तयार केलेल्या प्रसिद्ध ग्रंथसूचीत 'किताब बिलौहर व बूदासफ' असा तिचा उल्लेख आहे. बिलौहर म्हणजे पुढचा बार्लाम, आणि बूदासफ म्हणजे आपला बोधिसत्त्व. यातील 'द' हा अरबी लिपीतील 'ज़ाल' हे अक्षर होय. अरब त्याचा उच्चार दातांशी घासून जाणाऱ्या 'द' सारखा करतो. इराणी आणि उर्दू भाषिक 'ज़' असा करतो. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता अरबी लिपीचे वळण पाहू. शब्दारंभी येणारे 'बे', 'ते', 'से', 'नून' आणि 'ये' ही पाच अक्षरे मूळ आकाराने एकच आहेत. एक लहानसा दात तेवढा लिहिला जातो. खाली एक नुक्ता दिला की तो 'बे', खाली दोन दिले की 'ये', वर एक दिला की 'नून', वर दोन की 'ते', वर तीन की 'से'. अक्षरांची ओळख सर्वस्वी नुक्त्यांवर, आणि नुक्ते देण्याचा लेखकांना कंटाळा. ज्यांनी शिकस्ता लिपीतील फार्सी कागद वाचले आहेत त्यांना याविषयी अधिक सांगावयास नको. आपल्या मोडीतही ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही, आणि त्यामुळे अनोळखी गावाचे किंवा माणसाचे नाव आले की वाचणारा अडतो. ओळखीचा शब्द संदर्भाने सावरून घेता येतो. परक्या विशेषनामाला संदर्भाची मदत मिळत नाही. बगदादच्या किंवा बसऱ्याच्या नकलनविसाला 'बूदासफ' या शब्दाचा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. एका नुक्त्याचे दोन झाले आणि 'बूदासफ' चा 'यूदासफ' झाला. दहाव्या शतकातील शिया पंडित इब्न बाबवैह याने आपल्या ग्रंथात ही कथा उद्धृत केली आहे, तिच्या हस्तलिखितपरंपरेत नाव 'यूदासफ' असेच चालते. अल्बेरूनीच्या इ. स. १००० च्या सुमाराच्या कालगणनाविषयक ग्रंथातही हे नाव येते. तहमूरस राजाच्या काळी हिंदुस्थानात प्रकट झालेला एक तोतया पैगंबर असे तेथे त्याचे वर्णन आहे.

शब्दारंभीच्या ओष्ठ्य 'ब' चा तालव्य 'य' व्हावा असा ध्वनिनियम ना अरबीत आहे, ना फार्सीत. ज्याने लिपीचा विचार केला नाही त्याला 'बोधिसत्त्व' आणि 'यूदासफ' यांचा संबंध कधीही सिद्ध करता आला नसता. आणि त्याने तो केवळ सादृश्यावरून मांडला असता, तर आपण त्याला हसलो असतो, व ते योग्यच झाले असते. येथे संबंध सिद्ध होतो तो दोन्ही रूपे एकाच कथेच्या, एकाच भाषेच्या हस्तलिखितांत एकाच व्यक्तीसाठी आढळतात म्हणून. त्याच कथेत नायकाच्या शेवटच्या शिष्याचे नाव 'अबाबिद' असे आले आहे. वरील दातांच्या गणिताने ते सोडविले की 'आनंद' पुढे उभा राहतो. 'नून' चे नुक्ते वरून खाली घसरले, एवढेच. असे एक उदाहरण अपघात म्हणून सोडून देता येईल. एकाच कथेत दोन उदाहरणे मिळाली की लिपिदोष हेच कारण मानणे भाग पडते.

अरबीतून कथा जॉर्जियन भाषेत गेली. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस असलेल्या या ख्रिस्ती लोकांनी नवव्या-दहाव्या शतकांत तिला प्रथम ख्रिस्ती रूप दिले. नायकाचे नाव तेथे 'इओदासाफ' आहे. 'ये' ने वाचलेली अरबी प्रत जॉर्जियन अनुवादकापुढे होती हे यावरून स्पष्ट होते. या जॉर्जियन ग्रंथाची विस्तृत संहिता जेरुसलेमच्या एका हस्तलिखितात मिळाली आणि इलिया अबुलाद्झे यांनी ती १९५७ साली तिब्लिसी येथे प्रसिद्ध केली. तोपर्यंत ग्रीक संहिता हीच आद्य ख्रिस्ती संहिता, आणि तिचा कर्ता आठव्या शतकातील दमास्कसचा संत योहान, ही परंपरा पुष्कळांना मान्य होती. आता रोबेर्ट फोल्क यांच्या २००६ ते २००९ मधील चिकित्सक आवृत्तीनंतर, आथोस पर्वतावरील जॉर्जियन मठाचा महंत युथिमियोस (मृत्यू १०२८) याने जॉर्जियनवरून ग्रीक संहिता सिद्ध केली, हे मत सामान्यतः स्वीकारले गेले आहे. कर्तृत्वाचा हा वाद पाऊणशे वर्षे तरी चालला. त्याच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

ग्रीकमध्ये नाव 'इओआसफ' झाले. मधला 'द' कोठे गेला? याचेही उत्तर बहुधा डोळ्याकडेच आहे. ग्रीक मोठ्या अक्षरांत डेल्टा हा त्रिकोण, आणि आल्फा हाही त्रिकोणाच्याच वळणाचा. डेल्टा आणि आल्फा शेजारी आले की लिहिणाऱ्याच्या नजरेला दोन आल्फा दिसतात, आणि दोन आल्फांपैकी एक गळतो. हे स्पष्टीकरण अरबी नुक्त्याइतके निर्विवाद नाही, तथापि याहून सरस असे दुसरे पुढे आलेले नाही.

यानंतर कथा लॅटिनमध्ये उतरली. पहिले लॅटिन भाषांतर कॉन्स्टँटिनोपल येथे १०४८ च्या सुमारास झाले. त्यानंतर बाराव्या शतकातील एक संहिता सर्वत्र पसरली. पश्चिम युरोपातील पाद्र्यांच्या कानाला 'इओआसफ' परके होते. पण बायबलच्या जुन्या करारातील यहूदाच्या एका धर्मशील राजाचे नाव त्यांच्या चांगलेच परिचयाचे होते. हिब्रूत 'यहोशाफात', ग्रीक-लॅटिन परंपरेत 'इओसाफात'. अर्थ 'परमेश्वराने न्याय केला'. परके नाव या ओळखीच्या नावात विरघळून गेले, शेवटी एक 'त' चिकटला, आणि जोसाफात तयार झाला. मराठी बायबलमध्ये त्या यहूदी राजाचे नाव 'यहोशाफाट' असे लिहितात. 'यहोशाफाट' आणि 'बोधिसत्त्व' हे दोन शब्द मराठीत एकमेकांना ओळखत नाहीत, आणि त्यांनी ओळखण्याचे कारणही नाही. त्यांची गाठ पडली ती केवळ लॅटिनमध्ये. पूर्वेकडील ग्रीक आणि रशियन चर्चांत तसे झाले नाही. तेथे संत 'इओआसफ' आणि राजा 'इओसाफात' ही नावे अलग राहिली, आणि ग्रीक चर्चमध्ये संत इओआसफचा दिवस २६ ऑगस्ट हा आजही पाळला जातो. 'बार्लाम' चीही गत अशीच. अंतिओखियाचा एक हुतात्मा त्या नावाचा पूर्वीच होऊन गेला होता, त्यामुळे 'बिलौहर' ला ख्रिस्ती पंगतीत बसण्यास तयार पाट मिळाला.

लॅटिन 'इओसाफात' चा आरंभीचा 'य' पुढे इटालियनमध्ये 'ज', पोर्तुगीज व फ्रेंचमध्ये 'झ', स्पॅनिशमध्ये 'ह' झाला. हे मात्र पुन्हा मुखाचे काम, आणि आपल्याला घरचेच आहे. 'यात्रे' ची 'जत्रा' आणि 'योग्या' चा 'जोगी' ज्या प्रवृत्तीने झाला तीच ही. तेव्हा 'जोसाफात' मधील 'ज' हा 'बोधि' मधील 'ब' चा वारस आहे खरा, पण मधल्या वारसांपैकी एक नुक्त्याच्या चुकीने दत्तक गेलेला आहे.

याच नावाची दुसरी शाखा आपल्या देशात परत आली आहे, आणि ती अधिक वादग्रस्त आहे. श्रीनगरच्या खानयार भागात 'रोजाबल' नावाची एक कबर आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या काश्मीरच्या एका फार्सी इतिहासात, येथे 'यूज़ आसफ' नावाचा एक राजपुत्र व प्रेषित पुरलेला आहे अशी लोकश्रुती नोंदलेली आढळते. कादियानचे मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ साली, ही कबर येशू ख्रिस्ताची होय, असे प्रतिपादन केले. त्यांच्या अनुयायांच्या ग्रंथांत 'यूज़' म्हणजे 'यसू' आणि 'आसफ' म्हणजे हिब्रू 'गोळा करणारा' अशी फोड करतात. कबरीत कोण आहे हा प्रश्न भाषाशास्त्राचा नाही, आणि कोणाच्या श्रद्धेचा निवाडा करणे हे या पत्रिकेचे कार्यही नाही. नावापुरते मात्र बोलता येते. अरबी कथेत नायक फिरत फिरत 'कश्मीर' येथे येतो आणि तेथे देह ठेवतो. बुद्धाच्या निर्वाणस्थानाचे 'कुशिनारा' हे नाव अरबी लेखनात 'कश्मीर' या परिचित नावाकडे झुकले असावे, असे अनेक विद्वान मानतात. 'ज़ाल' चा इराणी उच्चार 'ज़' हे आपण वर पाहिलेच आहे, म्हणून 'यूदासफ' हा काश्मिरी माणसाच्या तोंडी 'यूज़ासफ' होणे क्रमप्राप्त होते. पुढे तो दोन तुकड्यांत तोडला गेला, कारण 'आसफ' हे नाव मुसलमानी परंपरेत सर्वांना ठाऊक होते. सुलेमान राजाचा चतुर वजीर तो आसफ. मराठवाड्यातील वाचकाला 'आसफजाह' या निजामाच्या किताबातून ते नाव पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. युरोपात ओळखीच्या यहोशाफातने जे केले, तेच काश्मिरात ओळखीच्या आसफने केले. 'यूज़' आणि 'आसफ' असे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा अर्थ लावणारी व्युत्पत्ती मधल्या सर्व पायऱ्या गाळून थेट शेवटच्या रूपावर उभी राहते, म्हणून ती ग्राह्य धरता येत नाही. त्याचप्रमाणे, रोमन चर्चने बुद्धालाच संत केले असे जे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते, त्यातही विवेक हवा. बारोनिउसने सूचीत घातला तो त्याच्या समजुतीप्रमाणे एक ख्रिस्ती राजपुत्र होता. नाव आणि कथा बोधिसत्त्वाची असली तरी पूजेचा विषय बुद्ध नव्हता.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव मिशनऱ्यांबरोबर पूर्वेकडे निघाले. जपानमध्ये काझुसा येथे जेझुइटांनी १५९१ साली छापलेल्या संतचरित्रांत बार्लाम-जोसाफात यांची कथा आहे. चीनमध्ये लोंगोबार्दो याने १६०२ साली ती चिनीत नेली. या दोन्ही देशांत 'बोधिसत्त्व' हा शब्द हजाराहून अधिक वर्षे नांदत होता. चिनी 'फूसा' आणि जपानी 'बोसात्सु' ही त्याचीच संक्षिप्त रूपे, आणि जपानीत तर 'ब' आणि 'त' दोन्ही अद्याप ऐकू येतात. अवलोकितेश्वर बोसात्सूच्या मूर्तीपुढे वाढलेल्या जपानी माणसाला जेव्हा मूर्तिपूजा सोडून जोसाफात संताचा आदर्श ठेवण्याचा उपदेश केला गेला, तेव्हा उपदेशक आणि श्रोता दोघांच्याही ओठी एकच शब्द होता. दोघांपैकी कोणालाही हे समजणे शक्य नव्हते.

समजण्याच्या सर्वांत जवळ आला तो गोव्यातील एक पोर्तुगीज. दियोगु दु कोउतु (मृत्यू १६१६, गोवा) हा तेथील दफ्तराचा रक्षक आणि इतिहासकार. त्याच्या इतिहासाचा पाचवा खंड १६१२ साली लिस्बनला छापला गेला. त्यात सिंहलद्वीपाच्या संदर्भात बुद्धाचे चरित्र सांगताना, हे सारे जोसाफात संताच्या चरित्राशी तंतोतंत जुळते असे तो नमूद करतो, आणि पुढे एक अनुभव देतो. साष्टी बेटात तो कान्हेरीची लेणी पाहावयास गेला होता. डोंगरात कोरलेली ती असंख्य दालने कोणी केली, असे त्याने वसई प्रांतातील एका अतिवृद्ध रहिवाशाला विचारले. म्हातारा म्हणाला की, जोसाफात संताच्या बापाने मुलाला एकांतात वाढविण्यासाठी ही करविली, यात शंका नाही. कोउतूने त्यावरून अनुमान केले की, जोसाफात हाच बुद्ध असू शकेल.

या साक्षीचे मोल किती? काही लेखकांनी ती बौद्धस्मृतीचा अखेरचा अवशेष म्हणून गौरविली आहे. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. वसई आणि साष्टी १५३४ पासून पोर्तुगीजांच्या हाती होती. मंडपेश्वरच्या लेण्याचे चर्च सोळाव्या शतकातच झाले होते. म्हाताऱ्याने 'बुद्ध' म्हटले नाही, 'बोधिसत्त्व' म्हटले नाही. त्याने 'जोसाफात' म्हटले, आणि ते नाव त्याला पाद्र्यांच्या प्रवचनाखेरीज अन्यत्र कोठून मिळणार? भिंतींवर ध्यानस्थ राजबिंड्या मूर्ती, एकांतातील कोठड्या, आणि कानावर पडलेली एका कोंडून ठेवलेल्या भारतीय राजपुत्राची कथा, यांचा मेळ त्याने आपल्या बुद्धीने घातला. त्याचा मेळ बरोबर निघाला, ही गोष्ट वेगळी. खुद्द लेण्यांच्या नावाचेही तेच झाले होते. तेथील प्राचीन लेखांत 'कण्हसेल' असे स्थलनाम आहे. पोर्तुगीज ते 'कानारा' चे देऊळ म्हणून लिहीत, कारण कानडा प्रांत त्यांच्या ओळखीचा होता.

कोउतूजवळ कथांचे साम्य होते, नावाचा दुवा नव्हता. तो 'बुदांव' आणि 'जोसाफात' अशी दोन नावे शेजारी लिहितो आणि थांबतो. दुवा सापडण्यास आणखी सव्वादोनशे वर्षे जावी लागली. फ्रेंच अरबीपंडित रेनो यांनी १८४९ साली अरबी 'बूदासफ' म्हणजे 'बोधिसत्त्व' असे दाखविले. १८५९ मध्ये लाबुले यांनी आणि १८६० मध्ये लीब्रेख्त यांनी कथांची तुलना स्वतंत्रपणे मांडली, आणि माक्स म्युलर यांच्या १८७० च्या व्याख्यानाने ती गोष्ट सर्वतोमुखी झाली. अरबी ग्रंथाची विस्तृत संहिता मात्र छापली गेली ती लंडनला नव्हे, पॅरिसलाही नव्हे, तर हिजरी १३०६ मध्ये, म्हणजे १८८८–८९ साली, मुंबईच्या एका शिळाप्रेसवर. कान्हेरीपासून एका दिवसाच्या वाटेवर. दानिएल गिमारे यांनी १९७२ साली बैरूत येथे तिची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा इस्माइली पंथीयांनी जपलेल्या हस्तलिखितांबरोबर ही मुंबईची प्रतही त्यांच्या हाताशी होती.